यशोगाथांसोबत अपयशाचीही नोंद छापावी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील शेतीविषयक पानाचा मी अनेक वर्षांचा नियमित वाचक आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये नोकरी करून निवृत्त झालो आणि आता दारव्हा तालुक्यातील वडिलोपार्जित सहा एकर कोरडवाहू जमीन स्वतः कसतो. त्यामुळे ते पान वाचताना माझ्यातला शेतकरी उपयोगाचे काय ते शोधतो आणि माझ्यातला शिक्षक केलेल्या विधानाला आधार काय दिला आहे ते पाहतो. या दुसऱ्या प्रकारच्या वाचनातून एक विनंती मनात आली आहे आणि ती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. परंतु विषय आमच्या पिकाचा, पैशाचा आणि काही वेळा जिवाचाही असल्यामुळे ते आटोपते घेता आले नाही.

या विनंतीचे मूळ माझ्या स्वतःच्या एका चुकीत आहे. काही वर्षांपूर्वी जुलैच्या उत्तरार्धात आमच्याकडे आठ दिवसांची झड लागली. भारी काळ्या जमिनीत पाणी साचून राहिले आणि गुडघ्याएवढी झालेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पिवळी पडू लागली. पाऊस उघडला त्या दिवशी मी कृषी सेवा केंद्रात गेलो. दुकानदाराने एक टॉनिक दिले, तिथेच उभ्या असलेल्या शेजाऱ्याने 'गुरुजी, डोळे झाकून मारा' असा निर्वाळा दिला आणि मी फवारणी केली. आठ-दहा दिवसांत पऱ्हाटी हिरवीगार झाली. पुढच्या वर्षी पुन्हा झड, पुन्हा पिवळी पाने, पुन्हा तेच टॉनिक आणि पुन्हा हिरवी पऱ्हाटी. तीन हंगाम मी ते औषध विकत घेतले आणि इतरांनाही घ्यायला सांगितले. गुरुजींचा शब्द म्हणून त्यांनी ते घेतलेही, याचे मला आजही वाईट वाटते.

चौथ्या वर्षी फवारणी चालू असताना धुऱ्याकडचे आठ तास राहिले आणि बाटली संपली. (तास म्हणजे आमच्याकडे पिकाची ओळ आणि धुरा म्हणजे बांध.) उरलेले काम कोठून सुरू करायचे हे लक्षात राहावे म्हणून शेवटच्या फवारलेल्या तासाच्या तोंडाशी मी तुरीची एक काडी रोवली. दुसऱ्या दिवशी मजूर आला नाही, त्यानंतर डवरणीची घाई झाली आणि ते आठ तास तसेच राहून गेले. दहा-बारा दिवसांनी धुऱ्यावर उभा राहून पाहिले, तेव्हा फवारलेले तास कोणते आणि सुटलेले कोणते हे मला ओळखता येईना. शेवटी ती काडी शोधून काढावी लागली. काडीच्या अलीकडची वीस आणि पलीकडची वीस झाडे घेऊन प्रत्येक झाडावरील पाती (फुलांच्या कळ्या) मोजली, तेव्हा शेजारच्या दोन झाडांमध्ये एरवीही असतो त्याहून अधिक फरक मला आढळला नाही.

त्यानंतर विचार केला तेव्हा उलगडा झाला. पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. पाणी उतरून वापसा आला की झाड बहुधा आपोआप सावरते. भर पावसात फवारणी करता येत नाही, म्हणून फवारणीचा दिवस नेहमी पाऊस उघडल्यानंतरचाच असतो. म्हणजे झाड सावरण्याची वेळ आणि औषध मारण्याची वेळ दरवर्षी एकच येत होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडणे, असे आपण अशा प्रसंगाला म्हणतो. संस्कृतात त्यालाच काकतालीय न्याय हे नाव आहे. परंतु माझ्या बाबतीत ती गाठ योगायोगाने पडत नव्हती. फांदी तुटण्याच्या नेमक्या घडीला कावळ्याला मीच आणून बसवत होतो, आणि म्हणूनच तीन वर्षांचा अनुभव पाठीशी असूनही त्या अनुभवाचे मोल शून्य होते. एका शेतातील आठ तासांवरून ते औषध सर्वत्र निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. जिथे जमिनीत एखाद्या अन्नद्रव्याची खरोखर कमतरता असेल, तिथे त्याचा गुण येतही असेल. पण माझ्या शेतात तो येतो की नाही, हे ठरवण्यासाठी न फवारलेले तास आवश्यक होते आणि तेच मी तीन वर्षे ठेवले नव्हते.

आता आपल्या पानाविषयी. 'एकरी विक्रमी उत्पादन' या धर्तीच्या यशोगाथा आपण छापता, त्या वाचून आमच्या भागात खरेदी होते, कर्ज काढले जाते, पीक बदलले जाते. छापील शब्दाला गावात केवढे वजन असते, हे शहरात बसून कळणार नाही. पानठेल्यावर कात्रण दाखवले की वाद संपतो. अशी यशोगाथा वाचताना मला काही साधे प्रश्न पडतात आणि बहुतेक वेळा त्यांची उत्तरे मजकुरात सापडत नाहीत. उत्पादन खरोखर एका एकराचे मोजले होते, की दहा गुंठ्यांचे मोजून चारने गुणले होते? विहिरीचे पाणी होते का, आणि किती पाळ्या दिल्या? खर्च किती आला, आणि घरच्या माणसांची मजुरी त्यात धरली आहे का? त्याच गावात, तसल्याच जमिनीवर, जुन्या पद्धतीने पेरलेल्या शेजाऱ्याला त्या वर्षी किती पिकले? पाऊस चांगला झाला असेल तर सगळ्यांचेच पिकते, आणि मग जे श्रेय पावसाचे ते बियाण्याला मिळते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, जो कोणीच विचारत नाही, तो असा की हेच बियाणे किंवा हीच पद्धत आणखी किती जणांनी वापरली आणि त्यांचे काय झाले. शंभर जणांनी एखादा प्रयोग केला, त्यातील चौघांना भरघोस पीक आले आणि बातमीदार त्या चौघांपैकी एकाच्या बांधावर गेला, तर बातमीतील प्रत्येक शब्द खरा असूनही वाचकाची समजूत मात्र खोटी होते. ज्याचे साधले नाही त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही आणि तोही आपणहून सांगायला येत नाही. एका शिवार फेरीत मी बोंडांनी लगडलेले एक झाड पाहिले होते. बोंडे ठळक दिसावीत म्हणून त्याची पाने हातांनी खुडून टाकलेली होती. ते झाड खरे होते, बोंडेही खरी होती. पण ते शेताच्या कोणत्या कोपऱ्यातले होते आणि उरलेल्या शेतात काय होते, हे आम्हाला दाखवले गेले नाही आणि आम्हीही विचारले नाही. विचारणे म्हणजे यजमानाचा अपमान, अशी आपली धारणा असते.

अपयश नजरेआड झाल्याने काय होते, हे पाणाड्याच्या, म्हणजे जमिनीखालचे पाणी कोठे आहे ते सांगणाऱ्याच्या, बाबतीत तर रोज दिसते. आमच्या भागात काळ्या पाषाणाचा थर आहे. त्याच्या भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात पाणी असते, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी खोदले तरी थोडेफार पाणी लागतेच. पाणाड्याने नारळ उभा राहिलेला दाखवला आणि पाणी लागले की ती गोष्ट दहा गावांत जाते. कोरडे गेले तर 'नशिबात नव्हते' असे म्हणून खड्डा बुजवला जातो. एकदा मी गावातील फसलेल्या बोअरची यादी करायला बसलो, तेव्हा घराघरांतून माणसे आठवून सांगू लागली आणि वहीचे पान भरले. त्या वेळेपर्यंत ते सर्व एकत्र कोणी पाहिलेच नव्हते.

हीच चूक सापाच्या विषाबाबत झाली की माणूस जातो. माझ्या शाळेतील पाचवीच्या वर्गातील एक मुलगा पावसाळ्यातील एका रात्री जमिनीवर झोपला असताना त्याला साप चावला. फारसे दुखत नव्हते, सूजही नव्हती, म्हणून घरच्यांनी त्याला आधी शेजारच्या गावातील मांत्रिकाकडे नेले. 'त्याने कित्येकांना वाचवले आहे' हा त्यांचा युक्तिवाद होता. पहाटे मुलाच्या पापण्या मिटू लागल्या तेव्हा त्याला दवाखान्यात हलवले, पण उशीर झाला होता. त्याच्या वडिलांना मी दोष देत नाही. मांत्रिकाने कित्येकांना वाचवले, हे त्यांनी खरोखरच डोळ्यांनी पाहिले होते. आपल्याकडील बहुतेक जातींचे साप बिनविषारी आहेत, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांसारखे विषारी सापही प्रत्येक वेळी चावताना विष सोडतातच असे नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे गेलेली बरीच माणसे मंत्र म्हटला नसता तरी जगलीच असती, आणि त्या सर्वांची गणती त्याच्या यशात होत राहते. मण्यारीचा दंश तर अनेकदा दुखतही नाही, म्हणून तो हलका आहे असे वाटते. प्रतिविष सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. त्या रात्री 'मंत्राशिवाय बरे झालेले किती?' हा एक प्रश्न कोणी विचारला असता तर गाडी दवाखान्याच्या रस्त्याला लागली असती. तो प्रश्न मी त्या मुलाला आणि त्याच्या भावंडांना शाळेत कधी शिकवला नव्हता, ही बोच मला आहे.

'त्याला काही झाले नाही, मग मला काय होणार' हा युक्तिवादही याच घराण्यातला आहे. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. दोन-तीन औषधे एकत्र कालवून, तोंडाला काही न बांधता, डोक्याएवढ्या उंच पऱ्हाटीत वर्षानुवर्षे फवारणी करूनही धडधाकट राहिलेले लोक प्रत्येक गावात होते आणि त्यांच्याकडेच पाहून इतरांनी धीर केला. डब्यावर विषाची तीव्रता दाखवणारा लाल किंवा पिवळा त्रिकोण छापलेला होता, पण शेजाऱ्याचा अनुभव त्रिकोणापेक्षा जवळचा वाटला.

आणखी एका परंपरेविषयी लिहायचे आहे आणि ते पूर्ण आदराने लिहीत आहे. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी (घट आणि त्याभोवती धान्ये मांडण्याचा विधी) होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस-पाण्याचे व पिकांचे भाकीत सांगितले जाते. तिथे जमणाऱ्या शेतकऱ्यांची आस्था खरी आहे. ज्याचे सारे वर्ष आभाळावर अवलंबून आहे, त्याने पुढचे काही कळावे अशी इच्छा धरणे स्वाभाविकच आहे. विदर्भातील वृत्तपत्रांत हे भाकीत दरवर्षी ठळकपणे प्रसिद्ध होते. परंतु ऑक्टोबरमध्ये, पाऊस परतल्यानंतर, त्या भाकितातील काय खरे ठरले आणि काय नाही, याचा ताळा मांडलेला माझ्या वाचनात आलेला नाही. 'कुठे कमी, कुठे जास्त' अशा स्वरूपाचे विधान असेल तर तो ताळा मांडताही येणार नाही, कारण तसे विधान कोणत्याही वर्षी चुकत नाही आणि जे चुकूच शकत नाही ते पेरणी कधी करावी हेही सांगू शकत नाही.

हवामान विभागाच्या अंदाजालाही हीच कसोटी लावावी, असे माझे म्हणणे आहे. तो विभाग एप्रिलमध्ये देशाच्या मोसमी पावसाचा अंदाज दीर्घकालीन सरासरीच्या टक्केवारीत देतो. ही सरासरी १९७१ ते २०२० या काळावरून काढलेली, ८७ सेंटीमीटर आहे; ९६ ते १०४ टक्के पाऊस सर्वसाधारण मानला जातो आणि एप्रिलच्या अंदाजात ५ टक्के अधिक-उणे होऊ शकते, हेही तो विभागच सांगतो. आकडा दिल्यामुळे अंदाज चुकला तर तो चुकला असे दाखवता येते, आणि माझ्या मते त्या अंदाजाची खरी किंमत यातच आहे. तरीही 'यंदा देशात सरासरीइतका पाऊस' हा मथळा वाचून माझ्या तालुक्यात जूनमध्ये पेरणी करावी असा निष्कर्ष काढणे चूकच आहे. देशाची सरासरी पूर्ण भरली आणि आमच्याकडे दुबार पेरणीची वेळ आली, असे वर्ष आम्ही पाहिलेले आहे. अंदाजात दोष नव्हता, आम्ही त्यातून काढलेल्या अर्थात होता. मथळा देताना आपण एवढी एक ओळ जोडली तर फार मोठा गैरसमज टळेल.

'तुम्ही प्रश्न विचारायला शिकवाल तर पोरे मोठ्यांचा मान ठेवणार नाहीत', असे मला गावात ऐकावे लागते. ग्रामसभेत एखाद्याने नालीच्या अंदाजपत्रकावर शंका काढली की उत्तर अंदाजपत्रकाचे येत नाही. 'तू कोणत्या पार्टीचा' हे आधी विचारले जाते. कृषी सहायकाने काही सांगितले की 'त्याच्या बापाने कधी वखर धरला होता काय' म्हणून ते उडवले जाते, आणि म्हाताऱ्या शेतकऱ्याने काही सांगितले की शिकलेली मुले ते जुनाट म्हणून सोडून देतात. तिन्ही ठिकाणी बोलणारा कोण आहे यावर निकाल लागतो आणि तो काय बोलला हे तसेच पडून राहते. हा प्रकार ओळखण्यासाठी आपल्याला बाहेरची विद्या लागत नाही. न्यायदर्शनाने सत्य जाणण्यासाठी केलेल्या चर्चेला वाद म्हटले, केवळ जिंकण्यासाठी केलेल्या चर्चेला जल्प म्हटले आणि स्वतःची कोणतीच बाजू न मांडता समोरच्याचे खोडून काढण्याला वितंडा म्हटले. वितंडवाद हा शब्द आपण अजूनही वापरतो. त्याच दर्शनाने आप्ताचा शब्द प्रमाण मानला, पण ज्याला गोष्ट प्रत्यक्ष माहीत आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तोच आप्त, अशी अट घातली. व्हॉट्सॲपवर आलेला निनावी निरोप या अटीत कोठे बसतो, हे वाचकांनीच पाहावे.

शिवाय आमच्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनातून केले ते हेच. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्या तोंडूनच काढून घेत. त्यांच्यापुढे बसलेल्या हजारो माणसांना त्यात आपला अपमान वाटला नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये संविधानात आली, त्यांत शोधक बुद्धीचा विकास करणे हेही एक कर्तव्य आहे. कर्तव्य म्हणून जे लिहिले आहे, ते करणाऱ्या मुलाला उद्धट ठरवू नये, अशी माझी पालकांना हात जोडून विनंती आहे.

हे सर्व मुलांना शिकवता येते, आणि त्यासाठी वेगळे पुस्तक लागत नाही. निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या दोन वर्षांत, मे महिन्याच्या सुट्टीत, मी पाचवी ते सातवीच्या मुलांकडून सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण तपासून घेतली. ओल्या पोत्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, पोत्याची गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओलावा टिकवायचा आणि सातव्या-आठव्या दिवशी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणे पेरणीयोग्य. एका मुलीने निवडून निवडून टपोरे दाणे आणले होते आणि तिचे नव्वदच्या वर उगवले. तिच्या शेजारच्या मुलाने बियाण्याच्या कट्ट्यात (पोत्यात) हात घालून वरून, मधून आणि तळातून दाणे घेतले होते, त्याचे साठच भरले. कोणाचा आकडा खरा, यावर वर्गात जो वाद झाला तो मी मध्ये न पडता ऐकत राहिलो. 'पेरताना काय एकएक दाणा निवडून पेरशील?' असे त्या मुलाने विचारले, तेव्हा त्या मुलीने थोडा वेळ विचार केला आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यातून नव्याने शंभर दाणे घेऊन आली. तिचा दुसरा आकडा बासष्ट आला. तो तिने स्वतःच फळ्यावर पहिल्या आकड्याच्या शेजारी लिहिला.

आपल्याकडे माझे मागणे यापेक्षा वेगळे नाही. यशोगाथा जरूर छापाव्यात. मेहनती माणसाचे कौतुक झालेच पाहिजे. मात्र तिच्यासोबत एका छोट्या चौकटीत प्रत्यक्ष मोजलेले क्षेत्र, पाण्याची सोय, खर्च, त्या वर्षीचा पाऊस आणि शेजाऱ्याचे उत्पादन एवढी माहिती द्यावी, आणि माहिती कंपनीने पुरवली असेल तर तसे नमूद करावे. महिन्यातून एकदा तरी फसलेल्या प्रयोगाची हकीकत, संबंधिताची इच्छा असेल तर नाव न देता, प्रसिद्ध करावी. अशी हकीकत लिहून द्यायला मी तयार आहे आणि पहिली कोणती असेल हे वर सांगितलेच आहे.

येत्या अक्षय्य तृतीयेनंतर आपण घटमांडणीचे भाकीत आणि हवामान विभागाचा अंदाज छापाल, तेव्हा ती दोन्ही कात्रणे मी वहीत चिकटवून ठेवणार आहे. जून ते सप्टेंबरपर्यंतच्या आमच्या महसूल मंडळातील पावसाच्या नोंदी त्यांच्यासमोर लिहून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते पान आपल्या कार्यालयाकडे पाठवीन. आकडे ज्याच्या बाजूने येतील त्याच्या बाजूने, जसेच्या तसे, आपण ते छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व कोरडवाहू शेतकरी,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ